बाबांची एमआर-टू विकताना: थंड इंजिन, जाड फाइल आणि पाचवा गिअर

पहिली जाहिरात मी एका ओळीत उरकली होती. ‘१९८७ ची टोयोटा एमआर-टू, लाल, उत्तम स्थितीत, एकच मालक, नागपूर.’ यात दोन खोट्या गोष्टी होत्या. बाबांनी ती लीड्समध्ये १९८८ साली एका शिक्षकाकडून घेतली होती, म्हणजे ‘एकच मालक’ खोटं. आणि ‘उत्तम स्थितीत’ हे तर न बघताच लिहायचे शब्द आहेत, दहावीच्या निबंधातल्या ‘निसर्गरम्य’सारखे.

मी गाड्यांच्या धंद्यातली नाही. एका सीएच्या ऑफिसात पंचवीस वर्षं हिशेब बघते. बाबा भूलतज्ज्ञ होते. १९९० साली इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा सामानासोबत ही गाडी बोटीने मुंबईला आली आणि तिथून ट्रकने लक्ष्मीनगरला. २०२३ मध्ये बाबा गेले. दादा बंगळुरूला, आईला कार चालवता येत नाही, आणि मला त्या सीटमधून उठताना गुडघ्याचा आधार घ्यावा लागतो. विकायचं ठरलं. पुढचं सगळं मी दोन चुका करून शिकले, त्यामुळे कुणाच्या घरी काकांची किंवा वडिलांची अशी एखादी जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी झाकून पडली असेल तर हे कामाला येईल.

गाडीवरचा कपडा नंतर काढा, आधी कपाट उघडा. ऐंशीच्या दशकातली जपानी गाडी आज कुणी परदेशातून मागवीन म्हणालं तर ते जमत नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा नियम आहे, आणि वरून जबर ड्यूटी. त्यामुळे आपल्याकडे ज्या मोजक्या आहेत त्या बहुतेक परदेशातून परतणाऱ्यांनी ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’खाली आणलेल्या, नाहीतर वकिलातींच्या. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न म्हणूनच इंजिनाचा नसतो, कस्टम्सचा असतो. बिल ऑफ एंट्री (गाडी देशात आणताना कस्टम्सकडे झालेल्या नोंदीचा कागद), ड्यूटी भरल्याची पावती, तिकडच्या नोंदणीचा कागद, पहिली आरसी. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या धडाधड जप्त केल्या, त्यानंतर तर लोक फोनवर नमस्कार म्हणायच्या आधी बिल ऑफ एंट्री विचारू लागले. आमचं बाबांच्या पासपोर्टांच्या गठ्ठ्यात होतं, टाचणीला गंज लागलेलं. ते सापडेपर्यंत मी जाहिरात टाकायला नको होती. ही पहिली चूक.

चेसिस नंबर स्वतः, डोळ्यांनी, टॉर्च लावून वाचा. आरसीवरून उतरवू नका. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला छोटा फ्रेम नंबर असतो, आधी मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ आणि आकडे. बाहेरच्या देशांसाठी बनलेल्यांना सतरा अक्षर-आकड्यांचा. टोयोटाचा ‘जेटी’ने सुरू होतो. या सतरांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. मी ऑनलाइन फॉर्ममध्ये शून्याच्या जागी ओ टाइप केलं आणि तीन दिवस ‘नोंद सापडत नाही’ बघत बसले. बाबांचं आरसी बुक कागदी होतं. तुमचंही तसंच असेल तर गाडीची नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढली आहे का ते आधी बघा. नसेल तर ती बॅकलॉग एंट्री करून घेतल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

मालक वारले असतील तर गाडी थेट विकता येत नाही. ती आधी वारसाच्या नावावर करावी लागते, फॉर्म ३१ भरून. नियम असा की मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची आणि अर्ज तीन महिन्यांत. मी दीड वर्षाने गेले. हिशेब ठेवणाऱ्या बाईने हे करावं, यावर दादा अजून हसतो. उशिराचं काय ते भरलं, आईचं आणि दादाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र दिलं, मृत्यूचा दाखला जोडला.

मग नूतनीकरण. आमच्या गाडीचं पासिंग नोव्हेंबर १९९० चं, एमएच-३१. पंधरा वर्षं २००५ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी. म्हणजे २०२५ चा नोव्हेंबर आमच्या डोक्यावर होता. परदेशी चारचाकीची ही फी २०२२ पासून ४० हजार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवे दर काढले आणि परदेशी चारचाकीची फी झाली ८० हजार. दादा फोनवर म्हणाला, “आधीच भरून टाकायचे होते ना!” भरता येत नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासूनच देता येतो, त्याच्या आधी नाही. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी नंबरप्लेटही लावून घेतली. बोनेटखाली तिरक्या नाकावर ती पाटी कशी दिसते ते विचारू नका.

एक दलाल म्हणाला, “ताई, विंटेजमध्ये टाकून देऊ, कटकट संपली.” विंटेज गाड्यांच्या नंबरांची ‘व्हीए’ मालिका २०२१ पासून आहे, पण ती पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी. आमची २०३७ ला होईल. हाच माणूस प्रत्येक वाक्यानंतर “साहेब कुठं आहेत?” विचारत होता, त्यामुळे त्याला चहाही दिला नाही.

आता गाडी.

दुसरी चूक इथली. मे महिन्यात अमरावतीहून एक गृहस्थ आले. पंचेचाळीसचा पारा, मी सकाळी गाडी सुरू करून, गरम करून, पुसून उभी ठेवलेली. ते चालवायला बसले, मी शेजारी. वर्धा रोडला जामठ्याच्या अलीकडे त्यांनी पाचवा टाकला, वेग धरला आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गिअरचा दांडा खट्कन न्यूट्रलला येऊन पडला. या पिढीच्या एमआर-टूचं हे जुनं दुखणं आहे. पाचव्याचा हब आणि स्लीव्ह (गिअर जागेवर धरणारे भाग) झिजले की पाय सोडताच गिअर धरून राहत नाही. बाबा तिथे डाव्या हाताने दांडा दाबून धरायचे, आणि लहानपणापासून ते बघून मला ती चालवायचीच रीत वाटत होती.

“ताई, हे तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हणाले. ते परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. घरासमोर किल्ली हातात दिली, पाणीही न घेता गेले. किमतीवरून घासाघीस झाली असती तरी परवडलं असतं.

त्या संध्याकाळी आमच्या उस्तादांना बोलावलं. सदरमध्ये त्यांचं गॅरेज आहे. बाबांच्या वेळेपासून ही गाडी तेच बघतात. ते म्हणाले, “ताई, येणाऱ्याले थंडी गाडी दाखवा. तुम्ही गरम करून ठेवली का त्याले वाटते, हे काहीतरी लपवून राहिले.” आणि मग आम्ही दोघांनी एक वही घेऊन गाडीचे दोष लिहायला घेतले. घेणारा जे शोधायला येईल ते सगळं आपणच आधी शोधायचं, इतकं साधं आहे. उस्तादांनी सांगितलं आणि मी लिहिलं ते असं.

गंज आधी. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि नागपुरात येऊनही आपलं काम करत राहतं. आखातातून आलेल्या गाडीला हे नसतं, तिचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो. एमआर-टूचे मागच्या चाकांवरचे कमानीचे पत्रे, दाराखालच्या पट्ट्या आणि पुढच्या डिकीत स्टेपनीखालचा तळ, हे तीन बघायचे. उस्तादांनी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक मागितला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि पत्र्यावरून फिरवला. उजव्या कमानीवर गणपती दोनदा घसरून पडला. आत पुट्टी. बाबांनी १९९८ मध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं, त्याचं बिलही फाइलमध्ये निघालं. जागा मोजली, साधारण तळहाताएवढी, आणि तसं वहीत लिहिलं.

टायर. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि साल. आमच्यावर २३१६ होतं, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नवी दिसत होती, कारण गाडी चाललीच नव्हती. पण नऊ वर्षांचं रबर घेऊन कुणी समृद्धीवर १२० ने निघाला तर? चौदा इंची १८५/६० आहे. चारही बदलले आणि जुन्याचा तो आकड्यांचा फोटो ठेवला.

पेट्रोलचे पाइप. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि १९८७ चं रबर ते सहन करायला बनलेलं नाही. फुगतं, मग चिरतं. या गाडीची पेट्रोलची टाकी दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात आहे आणि इंजिन पाठीमागे, त्यामुळे पाइप गळला तर तो नेमका माणसाच्या पाठीशी गळतो. इथे पैसे वाचवू नका. फ्युएल इंजेक्शनसाठीचा, इथेनॉल सोसणारा पाइप घाला. कार्बुरेटरच्या गाडीचा साधा पाइप घालून ‘बदलला’ म्हणणारे भेटतील.

मैल. आमचं मीटर ६१,४०० दाखवतं. ते मैल आहेत, म्हणजे जवळजवळ ९९ हजार किलोमीटर. जाहिरातीत नुसता आकडा टाकला असता तर कुणी पकडलंही नसतं. नंतर पकडलं असतं तर मात्र बाकीच्या फाइलवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

आणि पाणी. यावर जरा थांबते, कारण नागपुरात ही गाडी मरेल तर यानेच मरेल. रेडिएटर पुढे नाकात, इंजिन सीटांच्या मागे, मधे गाडीच्या पोटाखालून जाणारे दोन लांब नळ. कूलंट बदलताना या नळांत हवा अडकते. पाणी वरून भरलेलं दिसतं, पण फिरत नाही. मग मेच्या दुपारी सिग्नलला काटा वर, आणि या गाडीच्या ४ए-जीई इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापलं की हेड वाकतं. हवा काढायला रेडिएटरवर एक आणि हीटरवर एक अशा दोन छोट्या जागा आहेत. त्यांना पारदर्शक नळ्या लावायच्या, नळ्यांची तोंडं वर बोनेटला टांगायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि मागच्या तोंडातून कूलंट अगदी हळू ओतत राहायचं.

बाबा यासाठी सलाइनचा सेट वापरायचे. मीही धंतोलीतल्या औषधाच्या दुकानातून दोन आणले, दुकानदाराने पेशंट कुठे आहे विचारलं. सुया काढून नळ्या लावल्या, वर अँटेनाला आणि बोनेटला सुतळीने बांधल्या. आधी नुसते बुडबुडे. मग हिरवं पाणी चार बोटं चढतं, थांबतं, गुडगुड करून पुन्हा खाली. उस्ताद मागून ओततायत, मी पुढे नळीकडे बघत “आलं… गेलं… आलं” म्हणतेय, आई दारातून विचारतेय की झालं का गं. चाळीस मिनिटं लागली. दोन्ही नळ्यांतलं पाणी एका पातळीला येऊन जेव्हा हलेना, तेव्हा उस्तादांनी जागा बंद केल्या. या सगळ्याचा व्हिडिओ काढून ठेवा. नंतर मला फोनवर जे पाच-सहा खरे गिऱ्हाईक भेटले, त्यांनी रंगाच्या फोटोंबद्दल काही विचारलं नाही, हा व्हिडिओ मात्र पुन्हा मागितला.

पाचवा गिअर दुरुस्त करायचा का? गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि भाग बाहेरून मागवावे लागतात. आम्ही नाही केला. विकायच्या तोंडावर उघडलेला गिअरबॉक्स बघून घेणाऱ्याला उलट शंकाच येते, असं उस्तादांचं म्हणणं. माझंही तेच मत झालं.

दुसरी जाहिरात दीड पान झाली. वर कागदांची यादी, मग दोष, आणि गुण सगळ्यात शेवटी: १५८७ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, पाच गिअर, उजवं स्टिअरिंग, १९८४-८५ ला जपानची कार ऑफ द इयर ठरलेलं मॉडेल, गाडीसोबत मूळ हँडबुक, जॅक, कॅसेट प्लेअर आणि लीड्सच्या गॅरेजचे शिक्के असलेलं सर्व्हिस बुक. तुमच्या गाडीत नसलेलं काही लिहू नका. या मॉडेलला काही देशांत सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) मिळायचा, त्यामुळे ‘सुपरचार्ज आहे का?’ विचारणारे येतात. नाही तर नाही. फोटो सकाळी साडेसहाला, अंगणातच काढले. फुटाळ्यावर नेऊन काढावेत असं भाच्याचं म्हणणं होतं, पण मला तलाव विकायचा नव्हता. कमानीची पुट्टी, टायरचे आकडे, मीटर, पोटाखालचे नळ, उंदरांनी कुरतडून नंतर टेप मारलेली वायर, सगळे जवळून. चेसिस नंबरचे शेवटचे आकडे मात्र झाका.

ऑक्टोबरात पुण्याहून एक मुलगा आला, तिशीचा. रात्रीच्या बसने येऊन सकाळी सातला दारात. त्याने आधी मागच्या झाकणावर हात ठेवला, थंड आहे हे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून हसला. तिथेच अर्धं काम झालं होतं.

चालवायला देताना: समोरच्याचं लायसन्स बघा, फोटो घ्या. विमा आणि पीयूसी चालू हवेत. आधी तुम्ही चालवा, मग त्याला द्या. रस्ता आधी ठरवा. मी असा ठरवला होता: आधी गल्लीतला सिमेंटचा रस्ता, कारण आमच्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर सस्पेन्शनचे बुश गेले असतील तर ठक-ठक लगेच ऐकू येतं. मग सेमिनरी हिल्सचा चढ, तिथे हँडब्रेकवर उभी करून क्लच बघायला. शेवटी वर्धा रोड. इंजिनाच्या मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या अलीकडे-पलीकडे इंजिनाचा आवाज एकदम बदलतो, आत हवेचे जास्तीचे मार्ग उघडतात. हे माहीत नसलेला दचकतो, म्हणून आधी सांगायचं. पाचव्या गिअरला मी म्हटलं, “आता पाय सोडा.” दांडा बाहेर आला. तो म्हणाला, “जाहिरातीत लिहिलंय तसंच आहे.” परत येताना त्याला तर्री पोहे खायला नेलं. तर्री जरा कमी घे म्हटलं होतं, ऐकलं नाही, डोळ्यांतून पाणी.

किमतीचा आकडा लिहीत नाही, त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. रीत तेवढी सांगते. अशा गाडीला बाजारभाव नसतो, विम्याच्या कागदावरची किंमत तर विसराच. मी घेणाऱ्याला पुढे लागणारा खर्च (गिअरबॉक्स, कमानीचा पत्रा, वायरिंग) त्याच्यासमोर मांडला आणि माझ्या आकड्यातून तो आधीच वजा केला आहे हे दाखवलं. मग घासाघीस दहा मिनिटांत संपली.

पैशांबाबत सीए ऑफिसातली बाई म्हणून बोलते. दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. इसार खात्यात घ्या, इसारपावतीवर चेसिस नंबर, मीटरचा आकडा मैलांत आणि दोषांची यादी लिहून दोघांच्या सह्या. उरलेली रक्कम आली की नाही हे स्वतःच्या बँकेत बघा, समोरच्याच्या मोबाइलवरच्या हिरव्या टिकवर नाही.

मालकी हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून “बाकी मी बघतो” म्हणणाऱ्याच्या हाती गाडी कधीही सोडू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी चार हात पुढे गेली असली तरी नोटीस तुमच्या दारात येते. हस्तांतराची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची. घेणारा परराज्यातला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी.

मुलगा ती चालवत नेणार म्हणत होता. उस्तादांनी नाही म्हणून सांगितलं. “पहिल्या दिवशी नाई बाप्पा. घरी न्या, मग चालवा.” चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरून गेली. पुढचा हुक कुठे आहे ते ट्रकवाल्याला दाखवावं लागलं, नाहीतर तो बंपरलाच साखळी लावत होता. आई आत जाऊन बसली होती.

बाविसाव्या दिवशी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला तर मालकाच्या जागी नावाची पहिली अक्षरं बदललेली. मग मी फास्टॅग बंद केला, विमा कंपनीला मेल टाकला, आणि ड्रॉवरमध्ये राहिलेली दुसरी किल्ली सलाइनच्या दोन नळ्यांसकट पुण्याला कुरिअर केली.